बाबांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करू, की दुसरा घेऊ?

पत्र थोडक्यात असं: एका वाचक भगिनीचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा ‘ड्युअल १२१९’ हा रेकॉर्ड प्लेअर आणि दोनशेच्या आसपास रेकॉर्ड्स तिच्याकडे आल्या. प्लेअर बारा-तेरा वर्षं बंदच होता. आता सुरू केला की थाळी आधी रखडत फिरते आणि दहाएक मिनिटांनी वेग धरते. बटण दाबलं की आर्म (सुई धरणारा हात) उचलला जातो, पण रेकॉर्डकडे न जाता जागच्या जागी परत बसतो. ओळखीतल्या दोघांनी आपापले जुने प्लेअर देऊ केले आहेत. एक ‘थोरन्स टीडी १६०’ आहे, दुसरा ‘टेक्निक्स एसएल-१२०० एमके२’. नवऱ्याचं म्हणणं, बाबांचा काढून टाकावा आणि या दोन्हींतला एक घ्यावा. घरात दोन लहान मुलं आहेत, अ‍ॅम्प्लिफायर अलीकडचा आहे. तिचा प्रश्न: ‘तिघांत आवाज सर्वांत चांगला कुणाचा? आणि बाबांच्या प्लेअरला हात लावायची मला भीती वाटते. माझ्या हातून बिघडला तर?’ शेवटी तिनं सहज दोन गोष्टी लिहिल्या आहेत. झाकणाच्या आत बाबांनी पेन्सिलीनं काही तारखा लिहून ठेवल्या आहेत, त्या कशाच्या ते कळत नाही. आणि रेकॉर्ड्समध्ये तीसेक खूप जाड, जड अशा आहेत. त्यांतली एक हातातून निसटली आणि तिचे तुकडे झाले.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मनात तिन्ही प्लेअरची तुलना सुरू झाली होती. शेवटच्या वाक्याशी आलो आणि ती तिथेच थांबवली. जी रेकॉर्ड पडून फुटते ती व्हिनाइल या प्लास्टिकची नसते. व्हिनाइल वाकतं, त्यावर ओरखडे उठतात, पण हातातून पडून त्याचे तुकडे होत नाहीत. तुमच्याकडच्या त्या तीस रेकॉर्ड्स बहुधा लाखेच्या आहेत, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. लेबलवर वेग छापलेला आहे का ते आधी बघा. नसला तरी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असेल तर शंका उरणार नाही.

आता तुमच्यापुढचे तीन प्लेअर बघा. टीडी १६० चालतो ३३ १/३ आणि ४५ या दोन वेगांवर. टेक्निक्स एमके२ सुद्धा याच दोन वेगांवर. ७८ चा वेग तिघांपैकी एकाच प्लेअरला आहे, तो बाबांच्या. बाकीच्या दोघांतला कुठलाही घरात आला आणि ड्युअल गेला, तर त्या तीस रेकॉर्ड्स नीट वाजवायला घरात काही उरणार नाही. यातला कुठला प्लेअर ‘चांगला’ याचं उत्तर यंत्रात शोधण्याआधी तुमच्या कपाटात शोधायला हवं होतं, आणि ते तिथे होतंच.

तुमच्या पत्रात एक समजूत आहे, जी जवळजवळ प्रत्येकाची असते. ‘प्लेअर पन्नास वर्षांचा आहे, आता त्याचं किती आयुष्य राहिलं?’ असं तुम्ही विचारता. पण रेकॉर्ड प्लेअरला एकच वय नसतं. त्याच्या एकेका भागाचं वय वेगळं असतं. जाड धातूची थाळी, तिचा दांडा, चासी म्हणजे सांगाडा, मोटरची गुंडाळी हे भाग निगा असली तर माणसापेक्षा जास्त जगतात. रबर, ग्रीस, कंडेन्सर आणि सुई हे मात्र झिजतात, वाळतात, कडक होतात. म्हणजे म्हातारं होतं ते छोटं आणि बदलता येण्याजोगं. मोठं आणि महागडं ते बहुतेक वेळा ठणठणीत असतं. जुना प्लेअर घेताना किंवा सांभाळताना मी दरवेळी हेच विचारतो, याचं नेमकं काय म्हातारं झालंय?

तुमच्या ड्युअलचं काय झालंय ते तुम्हीच लक्षणांत लिहिलं आहे. आधी रखडणं आणि तापल्यावर वेग धरणं म्हणजे वंगण वाळलंय. मोटरची बेअरिंग छिद्राळ ब्राँझची असतात, ती तेल शोषून धरतात. वर्षानुवर्षं बंद राहिलं की ते तेल चिकट होतं, आणि मोटर तापली की थोडं पातळ होऊन सोडतं. शिवाय या प्लेअरमध्ये मोटरची ताकद थाळीपर्यंत एका रबरी चाकातून जाते. त्याची कड गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर ते घसरतं. दोन्हींवर इलाज आहे आणि दोन्ही आजार जीवघेणे नाहीत.

आर्मचं लक्षण तर मला फार ओळखीचं वाटलं. आर्म उचलला जातो, आत जात नाही, परत बसतो. ड्युअलच्या त्या काळातल्या स्वयंचलित प्लेअरमध्ये आर्मला आत ढकलणाऱ्या लिव्हरवर रबराची एक बारीकशी टोपी असते. जर्मन मंडळी तिला ‘स्टॉयरपिंपल’ म्हणतात. मसुराच्या दाण्याएवढीही नसेल, पण तीच घर्षणानं आर्मला सोबत नेते. ती कुजून गळून पडली की लिव्हर आर्मखालून नुसतीच सरकते. नवी टोपी तयार मिळते. न मिळाल्यास सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचा किंवा वायरीवरच्या आवरणाचा योग्य जाडीचा तुकडा कापून बसवणारे कितीतरी जण आहेत. सोबतच तिथल्या सरकत्या भागांवरचं जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं. ते पूर्ण पुसून नवं, अगदी थोडं, लावावं लागतं. जुन्यावर नवं थापलं तर काही दिवस चालतं आणि पुन्हा अडकतं.

आर्म मध्येच अडकला तर त्याला हातानं कधीही ओढू नका. प्लग काढा आणि थाळी हातानं घड्याळाच्या दिशेनं सावकाश काही फेऱ्या फिरवा. आर्मची सगळी हालचाल थाळीच्याच फिरण्यावर चालते, त्यामुळे ती यंत्रणा आपलं चक्र पुरं करून आर्म जागेवर ठेवते.

‘आवाज कुणाचा चांगला’ हा प्रश्न मी टाळत नाही, पण त्यामागचं गृहीतक जरा तपासू या. लोक समजतात की थाळी कशानं फिरते यावर आवाज ठरतो. पट्ट्यावरचा प्लेअर मऊ वाजतो, चाकावरचा दणकट, थेट मोटरवरचा कोरडा, असं काहीबाही ऐकायला मिळतं. फिरवण्याच्या पद्धतीचा परिणाम असतो, नाही असं नाही. पण व्यवस्थित निगा राखलेल्या तीन प्लेअरमधला फरक हा झिजलेली सुई आणि नवी सुई यांतल्या फरकापुढे अगदी किरकोळ आहे. चुकीच्या कोनात बसवलेलं कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती आर्मच्या टोकाची डबी) दुनियेतल्या कुठल्याही नामांकित प्लेअरला हरवतं.

तरी तिघांचे स्वभाव सांगतो, कारण पुढे कधी दुसरा प्लेअर घ्यावासा वाटेल तेव्हा उपयोगी पडतील.

रबरी चाकाचे प्लेअर या तिन्ही पद्धतींत जुने. १९५० च्या दशकातला गॅरार्ड ३०१ याच पद्धतीचा, आणि आजही लोक तो जपून वापरतात. जोर भरपूर, वेग पटकन धरतो. मात्र मोटरची थरथर चाकातून थाळीपर्यंत येते आणि चाक कडक झालं की शांत जागी खालून घरघर ऐकू येते. चाकाला खड्डा पडला असेल तर त्याच्या प्रत्येक फेरीला ‘धप्’ असा ठराविक ठोका पडतो. हा खड्डा कसा पडतो ते लक्षात ठेवा, कारण ते टाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. प्लेअर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद केलं तर चाक थाळीला आणि मोटरच्या पुलीला दाबून तसंच राहतं, आणि रात्रभरात नाही तरी महिन्याभरात रबर तिथे दबतं. प्लेअरच्या स्वतःच्या बटणानं बंद केला की चाक मोकळं होतं. घरातल्या सगळ्यांना एवढं एक सांगून ठेवा.

पट्ट्याच्या पद्धतीला १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एआर कंपनीच्या प्लेअरनं नवं रूप दिलं. थाळी आणि आर्म एकाच तुळईवर, ती तुळई स्प्रिंगांवर तरंगती, आणि मोटर वेगळी. बाहेरचा धक्का सुईपर्यंत येऊ नये हा हेतू. तुम्हाला देऊ केलेला टीडी १६० हा १९७० च्या दशकातला प्लेअर त्याच विचाराचा आहे. पट्टा मोटरची थरथर गाळून टाकतो, स्प्रिंगा बाकीचं सांभाळतात. ऐकायला मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण स्प्रिंगांची एक खोड आहे. स्पीकरचा किंवा टेबलाचा जलद कंप त्या गाळतात, मात्र पावलांचा संथ हेलकावा मोठा करतात. जमीन हलती असेल आणि दोन मुलं खोलीतून धावत गेली तर आर्म उडी मारू शकतो. भिंतीला पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवलात तर प्रश्न सुटतो. घेताना थाळीवर बोटानं हलकेच दाबून सोडून बघा. ती सरळ वर-खाली डोलली पाहिजे, कडेला झुलली तर स्प्रिंगा बिघडलेल्या किंवा विषम ताणलेल्या आहेत. पट्टा ढिला, चिरलेला किंवा डांबरासारखा चिकट झालेला असेल तर घाबरू नका. तो बदलायचाच भाग आहे.

टेक्निक्सचा पहिला थेट मोटरचा प्लेअर एसपी-१०, १९७० चा. १९७२ मध्ये एसएल-१२०० आला आणि १९७९ मध्ये त्याचा एमके२, जो तुम्हाला मिळतोय. थाळीच्या खालीच मोटरचं चुंबक आहे, मध्ये रबर नाही, आणि वेग क्वार्ट्झच्या स्फटिकानं धरून ठेवलेला. तिघांत सर्वांत कमी कटकटीचा हाच. तुमच्याकडे ७८ च्या रेकॉर्ड्स नसत्या आणि बाबांचा प्लेअर नसता तर मी तुम्हाला डोळे झाकून हाच घ्या म्हणालो असतो. डोळे झाकून म्हणताना एक अट मात्र घातली असती, आर्म तपासा. हे प्लेअर डीजे मंडळींनी वर्षानुवर्षं रगडले आहेत. हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज धरणारं आर्मचं टोक, चिमटीत धरून अगदी हलकेच पुढे-मागे, बाजूला हलवा. ‘टिक’ असा ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग गेलेली आहेत. वेगाची सरकपट्टी मधोमध असताना थाळीच्या कडेचे वेग दाखवणारे ठिपके डगमगत असतील तर ती बहुतेक वेळा नुसती धुळीनं मळलेली असते. आणि हा प्लेअर रेकॉर्ड संपल्यावर आपणहून आर्म उचलत नाही. मुलांच्या घरात, जिथे मध्येच उठावं लागतं, सुई शेवटच्या खाचेत तासभर घासत राहते. बाबांचा ड्युअल हे काम स्वतः करतो. ही सोय लोक हल्ली हौशीपणाची समजतात, पण सुई आणि रेकॉर्ड दोन्ही वाचवणारी आहे.

कुठलाही जुना प्लेअर घेताना विजेकडे आधी बघा. मागच्या पट्टीवर व्होल्टेज आणि हर्ट्झ लिहिलेले असतात. ड्युअल आणि थोरन्ससारख्या प्लेअरमध्ये मोटरचा वेग विजेच्या आवर्तनावर चालतो. ६० हर्ट्झसाठीची पुली असलेला प्लेअर ५० हर्ट्झवर लावला तर ३३ १/३ ऐवजी जेमतेम २७.८ फेऱ्या होतील. पुली बदलली की तो नीट चालतो, पण आधी माहीत असायला हवं. क्वार्ट्झच्या प्लेअरला आवर्तनाची अडचण नाही, व्होल्टेज मात्र जुळलंच पाहिजे.

वेग तपासायला उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवा, रेकॉर्ड आणि सुई ठेवा, आणि तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर शंभर झाल्या तर ३३ १/३ अचूक आहे. ठिपक्यांची स्ट्रोब-तबकडी असेल तर तीही चालते, ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ साठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे. पण अनेक एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत, मग रेघा स्थिर दिसतच नाहीत आणि माणूस उगाच प्लेअरला दोष देतो. सरासरी वेग बरोबर असूनही तो मध्ये मध्ये डळमळत असेल तर ते कानानंच कळतं. पियानोचा किंवा बासरीचा लांबवलेला एकच स्वर ऐका. तो आंबट झाल्यासारखा हेलकावत असेल तर चाक, पट्टा किंवा तेल यांतलं काहीतरी मागणं करतंय.

आता सुई. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जवळचं वाटलेलं ते झाकणातल्या तारखांचं वाक्य. माझा अंदाज असा की बाबा सुई बदलल्याच्या तारखा लिहून ठेवत असावेत. निगुतीनं ऐकणारी बरीच माणसं असं करत. तारखांमधली अंतरं बघा. ती वर्ष-दोन वर्षांची असतील तर माझा अंदाज खरा असण्याची शक्यता मोठी. त्यामागचा हिशोब असा. एलपीच्या, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूची खाच उलगडली तर चारशे मीटरहून लांब भरते. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते असं धरलं जातं. ५०० तासांत ती सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर खाचेतून घासत जाते. झिजलेली सुई पटाशीसारखी होते आणि खाचेच्या भिंती तासते. एकदा तासलेली भिंत परत येत नाही. म्हणून जुन्या प्लेअरसोबत आलेली सुई किती चाललीय हे ठाऊक नसेल तर तिच्यावर एकही आवडती रेकॉर्ड लावू नका. नवी सुई बसवाल त्या दिवशी झाकणात शेवटच्या तारखेखाली तुमची तारीख लिहा.

सुई बसवल्यावरचं काम शांतपणे करायचं आहे, घाई केली की फसतं. आधी सुईवर पडणाऱ्या वजनाचा आकडा शून्यावर ठेवून आर्मच्या मागच्या टोकाचं वजन पुढे-मागे फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू द्या. तरंगत्या आर्मवर हलकी फुंकर मारा, तो कुठेही न अडखळता सरकला पाहिजे. मग कार्ट्रिजच्या कंपनीनं सांगितलेलं वजन लावा. ड्युअलमध्ये त्यासाठी आर्मच्या मुळाशी आकडे असलेली चकती आहे. आजच्या बऱ्याच चुंबकीय कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास लागतं. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते ही समजूत खरी नाही. हलकी सुई खाचेत उडते, दोन्ही भिंतींवर आपटते, आणि नुकसान जास्त करते. सांगितलेल्या मर्यादेत मधल्या किंवा थोड्या वरच्या आकड्यावर राहा. मग कागदी मोजपट्टीवर कार्ट्रिजचा कोन जुळवा, आणि आर्मला आत ओढणाऱ्या जोराविरुद्धचा समतोल सुईच्या वजनाएवढ्याच आकड्यावर ठेवा.

अ‍ॅम्प्लिफायर नवा आहे म्हणालात. त्याच्या मागे ‘फोनो’ असं लिहिलेलं भोक आहे का पाहा. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, आणि रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात. फोनोचा छोटा प्रीअ‍ॅम्प दोन्ही दुरुस्त करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येईल, आणि पुन्हा दोष बिचाऱ्या प्लेअरला जाईल. भुणभुण येत असेल तर जमिनीची (अर्थिंगची) वायर जोडलीय का ते आधी बघा. ड्युअलची केबल पाच पिनांच्या जुन्या प्लगची असेल तर ही वायर वेगळी काढून घ्यावी लागते.

७८ च्या रेकॉर्ड्सना वेगळी सुई लागते, याबाबत तडजोड नको. एलपीची गोल टोकाची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. ७८ ची खाच तिच्यापेक्षा कितीतरी रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई हवी. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी धुळीत लोळते, भिंतींना टेकतच नाही, आणि नुसती खरखर ऐकू येते. लोक म्हणतात जुन्या रेकॉर्ड्स अशाच वाजतात, पण योग्य सुई लावली की तीच रेकॉर्ड बोलायला लागते. काही कार्ट्रिजना एकाच अंगावर दोन्ही प्रकारच्या सुया बदलून लावता येतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत अशी ७८ ची सुई आहे. ड्युअलमध्ये कार्ट्रिजची बैठकच सरकवून काढता येते, त्यामुळे दुसरी बैठक मिळाली तर दोन कार्ट्रिज तयार ठेवता येतील. आणखी एक, फार जुन्या लाखेच्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसतात. कुणी थोड्या वर, कुणी थोड्या खाली. ड्युअलवरचा वेग कमी-जास्त करण्याचा खटका तिथे उपयोगी पडतो. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच उतरते.

या रेकॉर्ड्सना अल्कोहोल किंवा स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते. मी हे वाचून नाही, करून शिकलो. व्हिनाइलसाठीचं स्पिरिट मिसळलेलं पाणी मी एकदा घाईत लाखेच्या रेकॉर्डवर फिरवलं. कापडावर काळपट रंग आला आणि तिची चमक गेली ती गेलीच. पुन्हा लावली तेव्हा आवाजावर जाड फुफाटा बसला होता. ती रेकॉर्ड मला परत मिळाली नाही, आणि तो कापडावरचा डाग अजून डोळ्यांपुढे येतो. शुद्ध पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं, आणि लगेच पुसून वाळवणं. एवढं पुरे. आणि त्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. स्वतःच्याच वजनानं त्यांना तडा जातो.

तुमच्या भीतीबद्दल. ‘माझ्या हातून बिघडला तर’ या वाक्यात प्रेम आहे, ते मला कळतं. पण बंद राहिल्यानंच तो इथवर आला आहे. त्याचं ग्रीस वाळलं, रबर कुजलं ते कुणी हात लावला म्हणून नाही, बारा वर्षं कुणी लावला नाही म्हणून. सगळं स्वतः करायलाही हवं असं नाही. विजेशी संबंधित काम, विशेषतः बटणाला समांतर जोडलेला जुना कंडेन्सर, जाणकाराकडूनच बदलून घ्या. तो कधीकधी धूर काढून फुटतो, म्हणून तोवर प्लेअर प्लगला लावून ठेवू नका. आतली यंत्रणा धुणं, ग्रीस घालणं हेही या प्रकारचे स्वयंचलित प्लेअर पूर्वी उघडलेल्या माणसाकडे द्या. ‘उघडलंय का’ असं विचारताना ‘स्टॉयरपिंपल’ हा शब्द उच्चारून बघा, समोरच्याला ठाऊक असेल तर अर्धी काळजी मिटली. तुमच्या वाट्याला सुई, धूळ, रबरी चाकाची कड अल्कोहोलच्या कापडानं पुसणं आणि वर्षातून एखाददा दांड्याला दोन थेंब बारीक मशीन ऑइल एवढंच येतं. गंज सोडवायचा फवारा मात्र आत मारू नका. तो वंगण नाही, आणि चाकावर गेला तर रबर घसरायला लागतं.

दुरुस्तीला नेताना आर्म बांधा आणि वाहतुकीचे दोन स्क्रू आवळा. प्लेअर कधीही पार्सलनं पाठवावा लागलाच तर थाळी काढून वेगळी गुंडाळा. जड थाळी दांड्यावर आपटत गेली की बेअरिंगला जी इजा होते ती परत नीट करणं अवघड असतं.

नवऱ्याचं म्हणणंही अगदी उडवून लावू नका. घरात बंद पडलेलं यंत्र जागा अडवतं, ही त्यांची तक्रार रास्त आहे. त्यांना इतकंच सांगा की दुरुस्त होऊन आल्यावर महिनाभर ऐकू, मग ठरवू. एलपी जास्त ऐकल्या जातायत, मुलं मोठी होतायत, आणि दुसरा प्लेअर हवासाच वाटतोय असं झालं तर टेक्निक्स घ्या. तेव्हाही ड्युअल ७८ साठी राहील. टेक्निक्स मोठ्या संख्येनं बनले आहेत, हा हातचा गेला तरी दुसरा मिळेल. टीडी १६० ची निगा तुमच्या धावत्या घरात सध्या जड जाईल, म्हणून त्यावर मी आता जीव टाकणार नाही.

त्यामुळे थोरन्सवाल्यांना आजच नम्रपणे नाही म्हणून टाका, त्यांना ताटकळत ठेवू नका. आणि तो प्लेअर त्यांच्याकडे पडूनच राहणार असेल तर पट्टा काढून पाकिटात ठेवायला सांगा, ताणलेला राहिला तर तोही आकार सोडेल. ड्युअलचा प्लग आजच काढा, झाकण उघडून तारखा कागदावर उतरवून घ्या. कार्ट्रिजचं नाव त्याच्या तोंडावर किंवा बाजूला छापलेलं असतं. ते मला कळवा, म्हणजे एलपीची आणि ७८ ची अशा त्याला जुळणाऱ्या दोन सुया कुठल्या ते पुढच्या पत्रात सांगतो.